छावणीतले तीन दिवस

सर, काल तुमची फाइल माझ्या हातात आली. प्राचार्यांची खुर्ची सध्या माझ्याकडे आहे. कायमची नाही, नवीन माणूस येईपर्यंत सांभाळायला दिलेली. कपाट लावताना खालच्या कप्प्यात तुमचं नाव दिसलं. शिपायाला बाहेर पाठवलं, दार लोटलं आणि वाचायला बसलो. कॉलेजला सुट्टी आहे, आवारात कुणी नाही. इतकी वर्षं ह्याच इमारतीत काढली, पण इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

तो दुष्काळ तुम्हाला आठवत असेलच. विहिरी तळाला गेलेल्या, कडबा मिळेना, म्हणून दूध सोसायटीनं कॉलेजच्या मैदानावर गुरांची छावणी उघडली. आजूबाजूच्या वाड्यांवरची जनावरं इथं आली आणि त्यांच्यामागं माणसंही आली. तसं आमचं कॉलेज होतंच त्या वाड्यांसाठी. ज्यांना बीडला किंवा औरंगाबादला जाऊन शिकणं परवडत नव्हतं, त्यांची मुलं इथं पायी यायची. आता गुरंही आली, एवढाच फरक. माझे आई-बाप ऊसतोडीला गेलेले. जाताना बाप म्हणाला होता, "बैल गेले तर पेरायचं कशानं? तेवढं बघ." दोन बैल आणि एक गाय घेऊन मी छावणीत राहायला आलो. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो.

छावणीचा एक कडक नियम होता. उसनी जनावरं दाखवून चारा उचलणारे फार झाले होते, म्हणून रोज सकाळी दहाला मोजणी व्हायची. जनावराचं दावं ज्याच्या हातात, त्याचं नाव वहीत. दाव्याला माणूस नसेल तर जनावर वहीतून बाद, पुन्हा घेणार नाहीत. शेजाऱ्यानं धरलेलं चालत नसे, त्याच्या हातात त्याची स्वतःची गुरं असत. आणि दहालाच तुमचा इतिहासाचा तास.

आठवड्यानं तुम्ही मला मैदानावर गाठलंत. मी शेण गोळा करत होतो. तुम्ही कडक इस्त्रीची पँट घातलेली, तरी तसेच शेणातून चालत आलात.

"का बे, तासाला कावून येत न्हाईस?"

"सर, दहाला हजेरी असती."

"कुनाची?"

"गुरांची."

तुम्ही गायीकडं बघितलंत. "हिची हजेरी पुरी भरली म्हन की. परीक्षेला हिलाच बसवू."

शेजारची माणसं हसली. मला लाज वाटली, पण दुसऱ्या दिवसापासून तुम्ही तास सकाळी सातला घेऊ लागलात. स्टाफरूममधले तुम्हाला 'गुरांचे सर' म्हणायला लागले. तुम्ही म्हणालात, "म्हनू दे. गुरं गप बसून ऐकतेत तरी."

परीक्षेची वेळ मात्र तुमच्या हातात नव्हती. विद्यापीठाचा पेपर दहालाच. मी पेपर सोडायचं ठरवलं होतं. पहिल्या पेपराच्या सकाळी तुम्ही आलात, माझ्या हातातून तिन्ही दावी काढून घेतलीत आणि म्हणालात, "जा. टोला पडायच्या आत जाऊन बस." मी वळून बघितलं. बैल तुम्हाला ओढत होता आणि तुम्ही त्याला 'अहो, थांबा' म्हणत होता. तुमच्या घरी ना शेत ना जनावर. दावं कसं धरतात तेही तुम्हाला ठाऊक नव्हतं. मोजणीच्या कारकुनानं विचारलं म्हणे, "सर, कुनाच्या नावावर लिहू?" तुम्ही म्हणालात, "माझ्या लिव्ह." असे तीन पेपर, तीन दिवस. माझं नाव सांगितलं असतं तर माणूस गैरहजर म्हणून जनावरं बाद झाली असती.

महिन्याभरात तक्रार आली. पगारदार प्राध्यापकानं दुष्काळाचा चारा खाल्ला. पुढच्या वर्षी तुम्ही प्राचार्य होणार हे सगळ्यांना माहीत होतं, आणि काहींना ते नको होतं. कॅन्टीनपाशी एकजण मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "ह्यांच्या दावनीला जनावरं कवापासून आली?" तो 'ह्यांच्या' म्हणताना कुणाबद्दल बोलत होता ते आम्हाला सगळ्यांना कळत होतं. तुमच्या घरात बुद्धाची मूर्ती, आमच्या घरात खंडोबाचा देव्हारा. मी मान खाली घालून पुढं गेलो.

मग चौकशी. तीन माणसं टेबलामागं बसलेली, मधले दूध सोसायटीचे चेअरमन. कॉलेजच्या मंडळावरही तेच. छावणीतल्या आम्हा पोरांना एकेक करून आत बोलावलं. तुम्ही भिंतीलगत खुर्चीवर बसला होता.

"सरांनी बांधलेली गुरं कुनाची होती, ठाऊक हाय का?"

पाऊस अजून पडलेला नव्हता. बैल मैदानावरच होते. माझी आहेत म्हटलं, तर तीन दिवस मी गैरहजर होतो म्हणून दुपारच्या आत दावी सोडायला लावली असती. मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही खिडकीबाहेर बघत होता.

"न्हाई," मी म्हणालो. "मला ठाऊक न्हाई."

तुम्ही प्राचार्य झाला नाहीत. निवृत्त होईपर्यंत इतिहासच शिकवलात. चौकशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तुम्ही वर्गात आलात आणि मलाच उतारा वाचायला सांगितलात. मी पहिल्याच ओळीत अडखळलो. तुम्ही म्हणालात, "सावकाश वाच, घाई न्हाई." पुढं मला एम.ए.ला तुम्हीच पाठवलंत. इथं नोकरीसाठी अर्जही तुम्हीच लिहून घेतलात. तो विषय तुम्ही कधी काढला नाहीत. तुम्ही एकदा रागावला असता तर मला बोलता आलं असतं. मी त्याची वाट बघत राहिलो, आणि एका उन्हाळ्यात तुम्ही गेलात.

फाइलमध्ये तुमचं उत्तर आहे. दोनच ओळी. 'सदर तीन दिवशी ती जनावरे माझ्या ताब्यात होती. याहून अधिक मला सांगायचे नाही.' खाली तुमची सही. खोटं एक अक्षर नाही आणि माझं नावही नाही.

आज सकाळी तुमच्या घरी काकूंकडं गेलो. त्या थकल्यात, पण कान शाबूत आहेत. चहाचा कप समोर ठेवता ठेवता म्हणाल्या, "येक इचारू का? तुमी तवा छावनीत व्हता. ह्यांनी खरंच गुरं बांधली व्हती का वो? आमच्या दारात कदी शेळी बी नव्हती. म्या लई येळा इचारलं. हसायचे नुस्ते. लोकं मला नळावर बोलायची, चारा गोड लागला का म्हनून."

मी कप उचलला. म्हणालो, "लई जुनं झालं काकू. आता काय त्याचं."

"व्हय," त्या म्हणाल्या. "जुनं झालं." आणि बशी पुढं सरकवली.

दर सोमवारी मी कपिलधारला दर्शनाला जातो. तिथं हात जोडून हे सगळं कितीदा बोललोय. देव ऐकून घेतो. पण काकूंना काही तो जाऊन सांगत नाही. तुम्हाला लिहिणं तसंच आहे, सर. तुम्ही ऐकून घ्याल, खिडकीबाहेर बघाल. हे पत्र घालायला पेटी नाही, म्हणून तर इतकं मोकळं लिहिता आलं. काकूंचं घर इथून चालत दहा मिनिटांवर आहे, आणि त्यांना वाचता येतं.