नऊत एकदा, बारात एकदा

नागापूर, एमआयडीसी
रविवार, २२ मार्च २०२६

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत, तूही बरा असशील असं धरून चालते. माझा नंबर तू ब्लॉक केला आहेस, म्हणून कागदावर लिहिते आहे. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, आयर्लंडला बारा ते पंधरा दिवस लागतील.

कंपनीत नवीन मापनयंत्र आलं आहे. त्याची खोली कायम वीस अंशांवर ठेवतात, कारण धातू गरम झाला की वाढतो आणि माप खोटं निघतं. बाहेर छत्तीस आणि मी आत स्वेटर घालून बसते. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "त्यापरीस इथं गोठ्यात बस, फुकटात गारवा हाय."

पाडव्याला घरी गेले होते. आप्पांनी गुढी उभारली, आणि गोठ्यात आपल्या लखन खोंडाच्या खुंट्यालाही हार घातला. खुंटा रिकामा आहे. आज रविवार असून मी घरी गेले नाही. कामाचं कारण सांगितलं. काम नव्हतं.

आता शर्यतीबद्दल. क्रमाने लिहिते, नाहीतर माझाच गोंधळ होतो. तसा तो झालेलाच आहे.

तुझ्या तबेल्यातल्या काजळ्याला त्या मार्चच्या अडथळ्यांच्या शर्यतीत उतरवणार हे तू जानेवारीत सांगितलंस, तेव्हापासून मी एक फाइल करत होते. तुला सांगणार होते, मग वाटलं निकालानंतर सांगू. त्या शर्यतीची मागची तीस वर्षं मी त्यात भरली. कोण जिंकलं, कोणावर लोकांचा पैसा जास्त होता, जमीन ओली होती की कोरडी, घोड्याने आधी किती अडथळे ओलांडलेले होते. शर्यत आधी लंडनजवळ व्हायची, ते मैदान विकलं गेलं, तिथे घरं झाली आणि मग ती आताच्या जागी आली, हेसुद्धा वाचलं. मला त्यातली एकच गोष्ट विचित्र वाटली. शर्यत फक्त चार वर्षांच्या घोड्यांची, म्हणजे प्रत्येक घोड्याला ती आयुष्यात एकदाच पळता येते. मागच्या वर्षी कसा पळाला, हा रकानाच नाही. शिवाय एक जानेवारीला सगळ्यांचं वय एकदम एक वर्षानं वाढतं. आपल्या शाळेत मास्तरांनी सगळ्यांना एक जून लावला, तसंच. काजळ्या मे महिन्यातला, फेब्रुवारीत जन्मलेल्यांपेक्षा तीन महिने लहान. ते मी हिशेबात धरलं. उत्तर आलं, अशी शर्यत नऊ वेळा झाली तर तो एकदा जिंकेल. वाईट नाही. तिकडच्या सट्टेबाजारातला भावही साधारण तोच होता.

मग फेब्रुवारीच्या मध्याला दूध डेअरीवरचा प्रकार झाला. आप्पांनी तुला तो त्यांच्या पद्धतीने सांगितला असेल. मी आईकडून ऐकलं ते असं. सूर्यभान तात्या सगळ्यांसमोर म्हणाले, "सहादू, पोरगं परदेशी गेलं म्हन्तो, पन करतंय काय? घोड्याची लीदच भरतंय ना?" आप्पा म्हणाले, "त्याच लीदवाल्याचं घोडं पयलं येतंय का न्हाई बघ. माझा खोंड लावतो." तात्यांनी त्यांची मुऱ्हा म्हैस लावायची असं बोलणं झालं, पण तात्या कपाळाला भंडारा लावून घेईनात. भंडारा लागला की पैज फिरत नाही, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत.

एक मार्चला, रविवारी, ते आपल्या ओट्यावर आले. आप्पा रानात होते.

"पोरी, तू मोजमापातली. खरं सांग, ते घोडं जिंकंल का?"

मी म्हटलं, "तात्या, नक्की कोणीच सांगू शकत नाही."

"नक्की कोन इचारतंय? दहात एकदा तरी जिंकंल का? जिंकनार असंल तर मी न्हाई लावत. म्हस दुधावर हाय."

मी म्हटलं, "नाही. बारात एकदा."

ते हसले. म्हणाले, "बापाच्या इरोधात बोलतीस, म्हंजी खरंच असनार." दुसऱ्या दिवशी त्यांनी भंडारा लावून घेतला.

शर्यत तू तिथे उभा राहून पाहिलीस, मी लॅपटॉपवर. ओट्यावर पंधरा-वीस माणसं जमली होती. शेवटचा अडथळा काजळ्याने सगळ्यांच्या आधी ओलांडला, तेव्हा आप्पा बैलगाड्यांच्या घाटात, शर्यतीच्या धावपट्टीवर ओरडतात तसे "भिर्रर्र, झाली! झाली!" ओरडले. तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मीही उभी राहिले. कोणाच्या बाजूने, ते अजून ठरवता आलेलं नाही. मग त्या तपकिरी घोड्याने डोकं पुढे काढलं. फक्त डोकं.

लखन पंधरा तारखेला गेला. कुरकुर न करता गेला. आप्पांनी स्वतः कासरा तात्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "सकाळचं पानी कोमट लागतं त्याला. ओंकारनं सवय लावलीय." नंतर तात्यांकडून बारात एकदाचं कळलं, तरी ते माझ्यावर चिडले नाहीत, हे मला समजत नाही. डेअरीवर सांगत फिरतात, "आमच्या रश्मीनं आदीच सांगितलं हुतं. लई हुशार हाय." हेच त्यांनी तुलाही फोनवर सांगितलं, आणि तू लगेच मला फोन केलास. "पायाचं मी तुला बहीण म्हणून सांगितलं होतं," एवढंच म्हणालास आणि ठेवलास.

मी तेव्हा म्हणणार होते की मी पायाबद्दल कोणाला बोलले नाही. ते खरं आहे. तात्यांना नाही, आप्पांना नाही. आकडा इतिहासावरून आला, हेही मी म्हणणार होते.

तू फोन ठेवल्यावर मी फाइल उघडली. फाइल प्रत्येक बदलाची वेळ नोंदवते. बावीस फेब्रुवारीला दुपारी तुझा फोन आला होता. तू म्हणालास, काजळ्याच्या डाव्या पुढच्या पायाला हात लावला की गरम लागतो, मालकांना सांगितलं, ते म्हणतात काही नाही, पण मला झोप नाही. तो फोन चार वाजून दहा मिनिटांनी संपला. चार वाजून एकवीस मिनिटांनी मी "अनुभव कमी" या रकान्याचं वजन वाढवलं आहे. कारणाच्या जागी "सुधारणा" असं लिहिलं आहे. त्याआधी उत्तर नऊत एकदा होतं, त्यानंतर बारात एकदा. तात्यांची रेघ दहावर होती.

मला हे करताना आठवत नाही. म्हणजे आठवतं, पण सुधारणा केल्याचंच आठवतं.

अजून एक. आप्पा यंदा चैत्रातल्या जत्रेत लखनला घाटात जुंपणार होते. मागच्या खेपेला गाडा सुटेपर्यंत बैल पुढून धरून उभे होते, बाजूला होताना त्यांच्या खांद्याचं हाड मोडलं, तेव्हा तू तिकडे होतास. दवाखान्यात मी होते. आता ते त्रेसष्ट वर्षांचे आहेत. तात्या ओट्यावर आले तेव्हा खोंड गेला तर बरं, असं माझ्या मनात होतं का, हे मी स्वतःला रोज विचारते. रोज उत्तर वेगळं येतं. एकच माप दरवेळी वेगळं आलं तर कंपनीत आम्ही ते यंत्र बाजूला ठेवतो.

आणि काजळ्या तर दुसरा आला. दुखऱ्या पायाचा घोडा तसा उडी मारत नाही, हे मलाही कळतं. त्यावरून मला तुझं एक वाक्य आठवलं. त्याच फोनमध्ये तू म्हणाला होतास, बाहेर बर्फ आहे, आत्ताच नळाच्या पाण्याने बादल्या धुतल्या, बोटं बधिर झाली आहेत. दादा, गार हाताला कुठलाही पाय गरम लागतो. माझं सगळं कामच हे आहे. हात कशात होता, दुसरा पाय कसा लागला, हे मी तिथल्या तिथे विचारायला हवं होतं. तुला त्या रात्री झोप लागली असती.

मी विचारलं नाही. मला तो पाय गरम हवा होता.

फाइलची दोन पानं सोबत ठेवते, बावीस फेब्रुवारीच्या आधीचं आणि नंतरचं. त्यांची एक प्रत माझ्याकडे आहे. पुढच्या रविवारी घरी जाऊन ती आप्पांना दाखवणार आहे, तात्यांनाही तिथेच बोलावून. भंडारा लागलेली पैज फिरते की नाही, ते त्यांचं ते ठरवतील. लखन परत आला तर जत्रेत जाईल, आणि आप्पा त्याच्यापुढे उभे राहतील. तरीही दाखवणार आहे. हे पत्र तुला तोवर मिळणार नाही. पोस्टातल्या बाईंना मी दिवस त्यासाठीच विचारले होते, म्हणजे तू मला थांबवू शकणार नाहीस, आणि सांग असंही म्हणू शकणार नाहीस.

काजळ्याचे दोन्ही पाय एकदा बघ. आधी हात कोमट पाण्यात धर.

तुझी बहीण (शब्द तूच वापरलास, म्हणून लिहायचं धाडस करते),
रश्मी