पिकअपमधली डावी सीट

हॉकर,
सोमवार, १८ मे १९९८

ती. व्हर्ना आत्यास,
मेरिडीचा शि. सा. न. वि. वि.

आधी चुकीची दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की बाबांनी मला एका शब्दानं न विचारता इंग्रिडला यंदाच्या फेरीवर न्यायचं ठरवलं. ते खरं नाही. त्यांनी विचारलं होतं. रविवारी भाजलेलं कोकरू माझ्या ताटात वाढता वाढता ते म्हणाले की इंग्रिडला घेऊन गेलो तर तुला काही वाटेल का, आणि मी तोंडात भोपळा असताना म्हणाले की छे, मला कशाला काय वाटेल. तू मला तुझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहायला शिकवलंस तेव्हा तुझा दंडक होता, आधी जुनी चूक खोडायची, मग नवी ओळ लिहायची. म्हणून खोडली. वाटलं मात्र खूप.

पाच हिवाळे मी त्या डाव्या सीटवर बसले. उत्तरेकडच्या ऊडनाडाटाच्या कच्च्या वाटेवर प्रवाशांचे मोडलेले ट्रेलर सांधायला बाबा वेल्डिंगचं यंत्र घेऊन निघाले की शेजारी मी, हे ठरलेलंच असायचं. मार्चमध्ये ही इंग्रिड क्लॉस खाणीवरची नोकरी सोडून आमच्या शेडमध्ये कामाला आली आणि आता बाबांना तिच्या चहात साखर किती ते पाठ झालंय. माझ्या चहात त्यांनी परवा साखर घातली. मी साखर घेत नाही, आत्या. लहानपणापासून घेत नाही. ती उंटाचा तो विनोद सांगते तेव्हा बाबा डोळे पुसेपर्यंत हसतात. तो विनोद मी त्यांना दोन वर्षांपूर्वी सांगितला होता, तेव्हा ते म्हणाले होते की पाना दे.

आता खरी काळजी. गेल्या वर्षी एक कोरडा ओढा तिरका ओलांडताना पिकअप एका अंगाला कलला आणि ट्रेलर दुसऱ्या. पिकअपला ट्रेलर जोडणारं आपलं गोळ्याचं कपलिंग थोडंसंच फिरतं. पुढे ते अडलं आणि त्या पिळानं ट्रेलरच्या पुढच्या दांडीला तडा गेला. यंदा इंग्रिड म्हणाली की पिनचं कपलिंग बसवू, ते पूर्ण गोल फिरतं, दांडी पिळली जाणार नाही. बाबा मान डोलवत होते, आणि तिनं ते बसवलंही. गोळ्याचं कपलिंग माझ्या हट्टानं राहिलं होतं, हे ते बोलले नाहीत. बोलले असते तर मला भांडता तरी आलं असतं.

दांडी तिनंच सांधली. पण ताज्या काळ्या रंगाखाली दांडीच्या वरच्या अंगावर मला वेल्डिंगसारखी एक आडवी फुगीर रेघ दिसते. आजोबांनी आपल्या सगळ्यांना काय शिकवलं? दांडी वर-खाली लवते, म्हणून सांधताना जोडपट्ट्या बाजूंनी लावायच्या, त्यांची टोकं निमुळती ठेवायची, आणि वरच्या अंगावर आडवं वेल्डिंग कधी करायचं नाही, कारण तिथूनच मोडतं. शिवाय आपल्याकडचा कुठलाही ट्रेलर तडा शोधायची रॉकेल आणि खडूची परीक्षा झाल्याशिवाय दाराबाहेर जात नाही. ज्यानं वेल्डिंग केलं त्यानं खडू घासायचा नाही, दुसऱ्यानं घासायचा. यंदा बाबा म्हणाले की इंग्रिडच्या कामाला खडू नको, ती शिकून आलेली आहे. माझं काम ते दर वेळी चष्मा लावून बघतात.

मी बोलले तर सगळे म्हणतील की पोरगी जळते. आणि ते खरंच असेल. नाही बोलले आणि दांडी मोडली तर? तूच सांग काय करू. इकडे थंडी पडू लागली आहे. तुझ्या गुडघ्याला जप. माझ्यावरचा लोभ या पत्रानं कमी झाला असेल तर थोडा उसना दे.

तुझी,
मेरिडी

पोर्ट ऑगस्टा,
शुक्रवार, २२ मे

चि. मेरिडीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. अर्धं वाचून हसले, उरलेलं चष्मा पुसून पुन्हा वाचलं. साखरेचं वाचून मला माझ्या भावाचा रागच आला. लेनला घरातल्या तीन बायकांचा चहा कधी धड लक्षात राहिला नाही. तुझी आई त्याच्या हातचा चहा कुंडीत ओतायची. तेव्हा एवढ्यावरून इंग्रिड त्याच्या मनात किती खोल गेली ते मोजू नकोस. तिचा चहा त्याला पाठ आहे, कारण ती परकी आहे. परक्यांशीच तो नीट वागतो.

त्या डाव्या सीटवर तुझ्याआधी कोण बसायचं, हे कधी विचारलंस का? तुझी आई बसायची. आणि तिच्याआधी? असो. ती आली तेव्हा मी तुझ्याहून वाईट वागले होते एवढंच सांगते. सविस्तर ऐकायचं तर गाडी काढून इकडे ये, क्वांडाँगच्या रानफळांचा गोड पाय ओव्हनमध्ये भाजून ठेवते.

खडूचं म्हणशील तर घास. नियम तो नियम. सर्टिफिकेट बघून तडा पळून जात नाही. पण इंग्रिडच्या समोर घास, चोरून नको. आणि हातात खडू घेण्याआधी स्वतःला एक विचार. तडा निघाला तर तुला आनंद होणार आहे का? उत्तर मला कळवू नकोस, मला ते इथूनही दिसतंय. तुझं तुला कळलं की पुरे.

आणि भोपळा गिळून मग बोलत जा. किती वेळा सांगितलं.

माझे आशीर्वाद तुझ्या पाठीशी आहेत. तुझी पत्रं अशीच लांबलचक येऊ देत, त्यांची मला सवय झाली आहे.

तुझी आत्या,
व्हर्ना

हॉकर,
सोमवार, १ जून

ती. व्हर्ना आत्यास,
मेरिडीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं मी अर्धंच ऐकलं. खडू घासला, पण इंग्रिड आणि बाबा बेकरीत गेलेले असताना. दांडीला रॉकेल चोळलं, कोरडी केली, खडू चढवला आणि लोखंडाच्या तुकड्यांनी ट्रेलर भरून मागच्या ओढ्यातून एक फेरी मारली. तडा असता तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर येऊन खडूवर ओली रेघ उमटली असती. काही उमटलं नाही. ती आडवी फुगीर रेघ खरवडली तर ती निघाली भेगा बुजवायची लांबी, पट्टीखाली लाल माती आणि पाणी शिरू नये म्हणून भरलेली. पट्ट्या बाजूंनीच आहेत. टोकं इतकी छान निमुळती की मी त्यांवरून बोट फिरवत बसले. माझी तशी होत नाहीत.

आणि मला वाईट वाटलं. माझ्या बाबांचा ट्रेलर धडधाकट आहे, म्हणून मला वाईट वाटलं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुला दिसत होतंच.

खरवडलेल्या जागी मी पुन्हा लांबी भरली, रंग लावला. इंग्रिडनं येऊन बघितलं आणि विचारलं की खडू घासलास का. मी हो म्हणाले. ती म्हणाली की बरं झालं बाई, मी लेनला दोनदा म्हणाले की कोणीतरी घासा, तर तो म्हणतो की तुझ्या कामाला कशाला. मग हसून म्हणाली की तुझ्या कामाला तो चष्मा लावतो, माझ्याकडे बघतसुद्धा नाही, मला तर वाटतं त्याला माझ्या कामाची पर्वाच नाही. मी म्हणाले की ब्रश धुवायचा राहिलाय आणि मागे निघून गेले.

आता ऐक. ब्रश धुताना माझ्या लक्षात एक गोष्ट आली, ती त्या दोघांच्याही लक्षात आलेली नाही. वर त्या ऊडनाडाटाच्या वाटेवर आपली गाडी बंद पडली तर जवळच्या वस्तीवरचा कोणीतरी आपला पिकअप घेऊन येतो, आपला ट्रेलर स्वतःच्या गाडीला लावतो आणि स्वतःच्या अंगणात नेऊन ठेवतो. वाटेवर हे न बोलता चालतं. प्रत्येकाच्या गाडीमागे तोच गोळा असतो. पिनचं कपलिंग त्या गोळ्यावर बसत नाही. आमचा पिकअप अडला तर यंत्र, पाणी, तंबू, सगळं भर माळावर उभं राहील आणि मदतीला आलेला माणूस डोकं खाजवेल. इंग्रिडला हे ठाऊक नाही, खाणीवर कंपनीची गाडी न्यायला येते. बाबा तीस वर्षं गोळ्यावरच फिरले, त्यामुळे त्यांना कधी याचा विचारच करावा लागला नाही.

दोन दिवस मी गप्प बसले. मनात चित्र रंगवलं. बाबा रस्त्याकडेला डब्यावर बसलेत आणि इंग्रिडला म्हणताहेत की मेरिडी असती तर हे झालं नसतं. ते मला त्यांच्या आवाजात ऐकू आलं, आणि मला इतकं बरं वाटलं, आत्या. बाबा उघड्यावर थंडीत बसलेत आणि मला बरं वाटतंय. मग मला माझीच भीती वाटली.

काल मी जाड पत्र्याची एक पट्टी कापली. तिच्यावर गोळ्याचं कपलिंग बसवतेय. पिनचं काढलं की त्याच भोकांत, त्याच बोल्टांवर हे बसेल. पेटीत दोन पान्यांबरोबर ठेवलं की कोणत्याही वस्तीवरची गाडी ट्रेलर ओढू शकेल. ओढ्यांतून जायला इंग्रिडचंच कपलिंग चांगलं, हे मी आता मान्य करते. लिहिताना दात आवळले गेले, पण लिहिलं.

सीट मी परत मागणार नाही. या पट्टीबरोबर मागितली तर ती लाच होईल. आणि यंदा ती दोघं गेली की मी दारापाशी उभी राहून हात हलवीन आणि आत येऊन काहीतरी फोडीन, हेही तुला आत्ताच सांगून ठेवते. चहाचे कप सोडून.

क्वांडाँगचा पाय खायला येईनच. तुझी ती सीट गेली तेव्हा तू काय केलंस ते सगळं ऐकायचंय. तोवर तुझी माया जशी आहे तशीच राहू दे.

तुझी,
मेरिडी

ता. क. ती दोघं रविवारी निघणार. बाबांसमोर दिलं तर ते माझ्या पाठीवर थाप मारतील, आणि मला ती थाप इतकी हवी आहे की मी तिच्यासाठीच दिलं असं होईल. गुरुवारी बाबा सामान आणायला दिवसभर क्वॉर्नला जातात, शेडमध्ये इंग्रिड एकटीच असते. पट्टी तिच्या हातात देईन, ती कशासाठी ते समजावून सांगीन, आणि ते तिनंच बाबांना सांगावं, माझं नाव घेऊन किंवा न घेता. गुरुवारी, चार जूनला.