कालचा नमुना

४ फेब्रुवारी

पोचलो एकदाचे. दोन ट्रंका, एक गादी, शेगडी आणि चिंगी, एवढंच सामान. त्यात हलवायला सगळ्यात जड चिंगी. जिन्यावर तीनदा बसली, दोनदा रुसली, आणि वर आल्यावर खिडकीतून समोरची फॅक्टरी दिसताच म्हणाली की आता आपण बाहुल्यांच्या शेजारी राहणार. मग दोन्ही खोल्यांतून नुसता धिंगाणा. तिचे बाबा गेल्यापासून तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता. फार बरं वाटलं.

खोल्या कंपनीच्या आहेत. भिंतींना पोपडे आलेत, पण नळाला जोर आहे आणि ओट्यावर ऊन येतं. धाकट्या बहिणीला फोन केला. तिचं तेच पालुपद, की पोरीला माझ्याकडे ठेव, तू आधी नोकरीत रूळ. मी उडवून लावलं. चिंगी आठ वर्षांची घोडी झाली तरी माझ्या अंगावर पाय टाकल्याशिवाय झोपत नाही, आणि खरं म्हणजे तो पाय नसेल तर मलाही झोप येत नाही.

८ फेब्रुवारी

कामाला लागले. इथल्या बाहुल्या खेळायच्या नाहीत, जमवायच्या. तळहाताएवढी एकच मुलगी, कपडे तेवढे वेगळे: कधी रेनकोट, कधी खलाशाची टोपी, कधी हातात कंदील. चांगली मोठी माणसं म्हणे त्या काचेच्या कपाटात मांडून ठेवतात. ज्याची त्याची हौस.

माझं काम तपासणीचं. दिव्याखाली बसायचं, डाव्या हातात नमुना धरायचा, उजव्या हातात पट्ट्यावरून आलेला नग. चेहरा जुळला तर ‘चालेल’ म्हणून पुढे सरकवायचा, नाहीतर बादच्या ट्रेमध्ये. मला वाटलं होतं, नमुना म्हणजे खोक्यावर जिचा फोटो आहे तीच बाहुली मिळेल. पण ती हाताने रंगवलेली, एकुलती एक. दिव्याने रंग उडेल म्हणून वरच्या मजल्यावर कपाटात असते. आम्ही काल शेवटी पास केलेला नग आज नमुना म्हणून धरायचा, आणि आज शेवटी पास होईल तो उद्या. शेजारच्या टेबलावर काकू आहेत, इथल्या सगळ्यात जुन्या. त्यांना विचारलं, असं कसं? तर म्हणाल्या की रोज कालच्याशी जुळलं म्हणजे झालं, त्यापलीकडे कुणाचे डोळे पुरतात?

२० फेब्रुवारी

मान आखडलीय आणि डोळ्यांची आग होतेय. घरी येऊन कुकर लावला की तिथेच ओट्याला टेकून डुलकी लागते.

आज साहेबांनी तक्रारींचे फोटो दाखवले. गिऱ्हाइकांनी खोकं आणि बाहुली शेजारी ठेवून काढलेले. खोक्यावरची मुलगी खळखळून हसतेय. हातातली कशी, तर डोळे नाकाशी सरकलेले, तोंड मिटलेलं, कुणीतरी दटावून बसवल्यासारखी. मला आधी हसू आलं आणि मग लक्षात आलं की अशाच मी रोज पास करते. साहेब म्हणाले, फोटोत काय, सगळेच चांगले दिसतात. तसंच उत्तर पाठवणार आहेत.

बादचे नग घरी न्यायला कुणी हरकत घेत नाही. चिंगीला नेऊन देते. तिने खिडकीत रांग लावलीय.

६ मार्च

मोठी ऑर्डर आलीय, म्हणून दोन पाळ्या. मी येते तेव्हा चिंगी खिडकीशी बसलेली असते. कटकट नाही, हट्ट नाही, पानात काही टाकत नाही. तिच्या वर्गशिक्षिका म्हणाल्या, किती शांत मुलगी. खालची शेजारीण म्हणाली, नशीब काढलंत. इथे सगळेच तिला आत्ता आत्ता ओळखायला लागलेत, त्यांना वाटतं ती अशीच आहे.

आणि लिहायला लाज वाटते, पण मलाही ते बरंच वाटतंय. मी इतकी दमलेली असते की घरात आवाज नको असतो. झोपतानाही ती भिंतीकडे सरकून, हात अंगालगत सरळ ठेवून पडते. पाय टाकत नाही. हे कधीपासून, ते आठवत नाही.

१७ मार्च

वेणी घालताना चिंगीकडे जरा निरखून पाहिलं. काहीतरी वेगळं वाटलं, म्हणून हनुवटी धरून उजेडाकडे वळवली. कालच्यासारखीच आहे. उगाच घाबरले.

२७ मार्च

धाकटी आली, न कळवता. दारात चिंगीला पाहिलं आणि हातातली पिशवी तिथेच टाकली. मला आत ओढून नेऊन म्हणाली, “ताई, हिचा चेहरा असा कधी झाला?”

मी म्हटलं, काय झालंय चेहऱ्याला? तेव्हा तिने मोबाइलमधला फोटो काढला, आम्ही निघालो त्या दिवशीचा, आणि चिंगीच्या गालाजवळ धरला. डोळे जवळ सरकलेत. ओठ रेघेएवढे. गालाला हात लावला तर गुळगुळीत, गार. चिंगी हलली नाही. फोटोकडेही तिने पाहिलं नाही.

मी रोज पाहत होते तिला. रोज ती कालच्यासारखीच होती.

धाकटी मलाही चल म्हणाली, आत्ताच्या आत्ता. मी म्हटलं, ऑर्डर संपेपर्यंत थांब. ती चिडली. पोरीपेक्षा ऑर्डर मोठी का, असं तोंडावर विचारलं. नोकरी, खोल्या, सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची म्हटलं की माझे हातपायच गळतात, हे तिला कसं सांगू? तिने चिंगीला कडेवर घेतलं आणि गेली. जाताना बजावलं की खिडकीतलं ते सगळं फेकून दे.

३१ मार्च

फोनवर चिंगी बोलली. मावशीशी भांडली, आंघोळ करणार नाही म्हणाली, भाजी नको म्हणाली. धाकटी म्हणते, गाल मऊ पडतायत. मी ओट्याशी उभी राहून रडून घेतलं. ऑर्डर संपली की जाणार आणि परत येणार नाही. ठरलं.

बाहुल्या पोत्यात भरून जिन्याखाली ठेवल्या. उद्या कचऱ्याच्या गाडीत टाकेन.

६ एप्रिल

झोप नाही. गादी केवढी मोठी वाटते. पोतं अजून खालीच आहे, रोज विसरते. काल त्यातली एक वर आणली, कंदीलवाली. उशीशी ठेवली. वेडेपणाच, पण घरात कुणीतरी असल्यासारखं वाटतं.

१० एप्रिल

वरच्या मजल्यावरून एक नग आला. साहेब म्हणाले, तपासून सांग, नवे फोटो काढायचेत. मी दिव्याखाली धरला. डोळे लांब लांब, तोंड फाकलेलं, दात दिसताहेत, एक भुवई वर. इतका बिघडलेला नग मी आजवर पाहिला नव्हता. बाद केला.

काकूंनी मग हळूच सांगितलं, तो मूळ नमुना होता. खोक्यावरच्या फोटोतला.

साहेब माझ्या डाव्या हातातला कालचा नमुना घेऊन गेले. आता खोक्यावर त्याचा फोटो येणार. तक्रारी बंद होतील.

घरी येऊन भिंतीवरचा चिंगीचा फोटो पाहिला. बघवेना. पालथा घातला.

१३ एप्रिल

पहाटे जाग आली. अंगावर पाय होता. चिंगीचाच, तेवढाच लांब. मी झोपेत थोपटला. गार होता, कडक –

उठून दिवा लावायला हवा होता. लावला नाही. किती दिवसांनी झोप लागत होती.

१५ एप्रिल

धाकटीचा फोन. म्हणाली, चिंगी पहिल्यासारखी झालीय, सारखी तुझी आठवण काढते, घेऊन येते. तू बॅग भरून ठेव.

मी म्हटलं, कशाला? चिंगी इथेच आहे.

तिने विचारलं, ताई, कुणाबरोबर आहेस तू?

खिडकीशी बसलीय, कंदील मांडीवर घेऊन. माझ्याकडे बघतेय. खिडकीच्या कठड्याएवढी झालीय आता.

१६ एप्रिल

कामावर गेले नाही. ती सोडत नाही. बोलत नाही, फक्त मी दाराकडे गेले की मान वळवते. मला भीती वाटतेय. मग तिचा चेहरा पाहते, कालच्याशी जुळवते, आणि जुळतो –

जुळला की भीती जाते.

१७ एप्रिल

आल्या. दार उघडलं. बहिणीने माझ्याकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. का, ते कळलं नाही. मी आरशात पाहिलेलं नाही बरेच दिवस.

तिच्याबरोबर एक मुलगी होती. पोरगी थेट माझ्या पोटाला येऊन बिलगली. घामेजलेली, ऊन ऊन. म्हणाली, “आई, तू किती दमलीस गं.”

तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काहीच ताडून बघितलं नाही. तशीच बिलगून राहिली.

मी तिला जिन्यातल्या उजेडाकडे वळवलं. मला हवी होती ती. देवाशपथ, मला वाटत होतं की जुळावी. पण डोळे लांब होते. तोंड उघडं, रडवेलं, एका बाजूला वाकडं. कुठेच जुळेना. पुन्हा पुन्हा पाहिलं.

एकेक बोट सोडवलं. बहिणीला सांगितलं, ही नाही.

दार लावलं. कडी घातली.

अजून वाजवतायत. बहीण ओरडतेय. ती पोरगी ओरडत नाही, नुसती आई आई करतेय, खाली, दाराच्या फटीशी तोंड लावून. आवाज ओळखीचा आहे. आवाज माझ्या –

हात कडीकडे जातोय. मागे खिडकीशी काहीतरी उठलं. पावलं कडक वाजतायत. ती कधी बोलत नव्हती आणि आता तिने तोंड उघडलंय, हाक मारतेय मला, त्याच आवाजा