छातीतली बॅटरी

३ मार्च
आज लेकीच्या घरी बस्तान हलवलं. तिसरा मजला, खिडकीत ऊन, जावईबापू अबोल. सासऱ्याला आणखी काय हवं! नऊ वर्षं कंपवातानं थरथरलेल्या हातानं आज कपभर चहा एक थेंब न सांडता प्यायलो. डॉक्टरांनी डोक्यात दोन तारा सोडल्यात; त्या कानामागून, कातडीखालून छातीतल्या काडेपेटीएवढ्या बॅटरीला जोडल्यात. जन्मभर दुकानात लोकांच्या पंपांच्या जळक्या मोटारी नव्या तारा गुंडाळून भरून दिल्या, आता कुणीतरी मलाच भरून दिलं. लेक म्हणाली, बाबा, आता तरी मिस्त्रीगिरी सोडा, गिऱ्हाईक व्हायला शिका.

५ मार्च
हॉस्पिटलच्या तंत्रज्ञ बाई शिकवून गेल्या. आठवड्यातून एकदा चार्जरची चकती पट्ट्यानं छातीवर बांधायची आणि तासभर गप्प बसायचं. बॅटरी पूर्ण उतरू द्यायची नाही, हे तीनदा बजावलं. मी मान डोलावली. पण अर्धवट उतरलेली बॅटरी चार्ज केली की ती लवकर मरते, हे मी चाळीस वर्षं दुकानात सांगत आलोय. बाई लेकीच्या वयाच्या, वाद कशाला घाला?

१२ मार्च
लेकीनं ऑफिसातून विचारलं, चार्जिंग केलं का? केलं म्हणालो. चार्जरच्या पडद्यावर बॅटरी एकवीस टक्के दिसतेय. आधी सगळी उतरू दे.

१६ मार्च
दोघं चार दिवसांसाठी बाहेरगावी गेली. आतून कडी लावू नका, वेळ पडली तर बाहेरून किल्लीनं उघडता यायला हवं, असं लेक दोनदा सांगून गेली. लावली. एकटा माणूस दार उघडं टाकून झोपतो का? चार टक्के.

१७ मार्च, सकाळ
शून्य. चहा अंगावर सांडला. हाताला कंप सुटलाय, पूर्वीपेक्षा जोरात. चकती बांधायला पाऊण तास लागला. पडद्यावर आलं – उपकरण सापडत नाही. पाच वेळा तेच. बॅटरी इतकी उतरलीय की चार्जरला तिचा पत्ताच लागेना. बाई हेच सांगत होत्या.

दुपार
खुर्चीतून उठता येत नाही. पाय खिळलेत. कंपवाताच्या गोळ्यांचं पाकीट फुटत नाही. अक्षर मुंगीएवढं होत चाललंय –
शेजारणीनं बेल वाजवली. ओ दिली. माझी मलाच ऐकू आली नाही. तिच्या चपला दोन जिने उतरेपर्यंत ऐकल्या. कान तेवढे शाबूत.

चार वाजता
लेकीचा फोन. बोट कसंबसं लागलं. बाबा, बाबा, म्हणत राहिली. मी जीव खाऊन ओरडलो – नुसता वारा. ती जावयाला म्हणाली, रेंज नाही वाटतं, मजेत असतील, उद्या करू. ठेवला.

थुंकी गिळता येत नाही. मान मागे – घशात साचतंय. एकदाच गिळलं की – नाही. पुन्हा – गि