रामकुंडावरील वहीत अकरा वर्षे मृत असलेल्या इसमाचे इच्छापत्र

स्वस्ति श्री. अंबड-औद्योगिक-क्षेत्र-भूषण, परदोषान्वेषण-चक्रवर्ती, मायक्रोमीटर-धर, चहात्याग-प्रतिज्ञाभंग-धुरंधर, एकपत्नीभयग्रस्त श्रीमान वाल्मीक पुंजा बोरस्ते, मूळ निफाड, हल्ली मुक्काम पंचवटी, वय वर्षे बावन्न, बुद्धी शाबूत व हृदय नादुरुस्त अशा अवस्थेत, येत्या गुरुवारच्या शस्त्रक्रियेपूर्वी स्वहस्ते लिहून ठेवतो ऐसे जे:

१. राहत्या दोन खोल्या व बँकेतील ठेव पत्नी सौ. लंकाबाई हिला. ती माझी अनुमती गृहीत धरतेच. येथे केवळ कायद्याच्या समाधानार्थ.

२. मायक्रोमीटर कन्या चि. हर्षाली हिला. तो केसाची जाडी सांगतो, आयुष्याची लांबी नाही. मला अग्नी तिनेच द्यावा. चुलतबंधू भिमाजी याने १९९६ साली नेलेली शिडी आता त्याचीच समजावी; मोबदल्यात त्याने हर्षाली अग्नी देतेवेळी मौन पाळावे.

३. आता मुख्य कलम. जानेवारी १९९३ मध्ये आमचे वडील, आप्पा, निवर्तले. अस्थी घेऊन रामकुंडावर गेलो. आमच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत घराण्यातील मृतांची नावे पिढ्यान्‌पिढ्या लिहिली जातात. धुके असे की पैलतीर आहे किंवा कसे, याविषयी शंका. गुरुजींनी विचारले, "नाव?" मी माझेच सांगितले. त्यांनी लिहिले, खाली मी सहीही केली. चूक पुढल्या वर्षी, वही पुन्हा पाहताना कळली.

तेव्हापासून मी मृत आहे. गैरसोय काही नाही. पहाटे घाटावरून जाताना ओल्या पायऱ्या, भाजीचे गाडे, पाण्यावरची वाफ, सारे मागे वळून पाहिल्यासारखे दिसते. कोथिंबिरीचा गंध तर असह्य सुंदर. मृत्यू म्हणजे अंधार, अशी माझी समजूत होती. अनुभवांती तो वहीतील एक ओळ ठरला, आणि नदी वाहतच राहिली.

हृदयाची वार्ता कळताच लंकाबाई म्हणाली, "अहो, आधी ते नाव खोडून या. तोवर मी तुम्हाला टेबलावर झोपू देणार नाय."

"अगं, कागदाने माणूस मरतो का?"

"कागदाचं मला नका सांगू. घास उतरत नाय माझा."

शुक्रवारी दोघे गेलो. गुरुजींनी आपल्या ओट्यावर वही उघडली, चष्मा पुसला. "खोडतो. त्या जागी वडिलांचं घालू. सांगा, तिथी?"

तत्क्षणी ध्यानी आले: या वहीत आप्पा अद्याप जिवंत आहेत. निफाडच्या बागेत, डोक्याला उपरणे बांधून, द्राक्षांचे घड विरळ करीत उभे. तिथी मला मुखोद्गत आहे. मी त्या पानावर तळवा ठेवला.

लंकाबाईने माझ्याकडे पाहिले, मग वहीकडे. पदर तोंडाशी धरून म्हणाली, "राहू द्या, गुरुजी. मामंजींना कशाला धाडायचं?"

"बघा बुवा," म्हणत गुरुजींनी वही मिटली.

सबब, ती नोंद कोणीही बदलू नये. गुरुवारी गेलो तर ती आपोआप खरी होईल. परतलो तर आप्पांच्या वतीने मृत राहणे मला पूर्ववत जमेल. लंकाबाईने त्या ओट्यावर माझ्यासाठी काय सोडले, ते मिळकतीच्या कोणत्याही यादीत बसत नाही.

(सही) वाल्मीक पुंजा बोरस्ते
साक्षीदार: सोमा गांगुर्डे (शेजारी), अमित मोगल (सहकारी)
स्थळ: पंचवटी, नाशिक. दिनांक: ४ जानेवारी २००४

ता. क. त्या शुक्रवारी गुरुजींच्या ओट्याखालून मी भलत्याच कोणाच्या वहाणा घालून आलो. एक नंबर मोठ्या आहेत. जिना चढताना मागे राहतात. माझ्या कोऱ्या होत्या. सोमा दोनदा चौकशी करून आला. त्या तेथे नाहीत, आणि ह्या न्यायलाही कोणी येत नाही.