दूध संस्थेच्या टेस्टरची चौकशी

सणसर,
१२ नोव्हेंबर १९९६

ती. बापूसाहेब दाजी यांना मेहुणा संभाजी याचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळे खुशाल. तुमची कंबर आता कशी आहे? आक्काला सांगा, वांग्याची रोपं पोचली (अर्धी शेळीने खाल्ली, ते सांगू नका).

गेला महिना दूध संस्थेपायी मला जेवण गोड लागलं नाही. बिरदेव टेस्टरला आम्ही काढला. सासऱ्याच्या पाणचट दुधाला तो मशिनीवर सातची फॅट लावून वरचा भाव द्यायचा. म्हणून चेअरमन या नात्याने मीच ठराव केला, की संस्थेत दूध घालणाऱ्या कुणाचाही सोयरा या जागेवर नको. आता सणसरात असा माणूस आणायचा कुठून (इथं दोन अनोळखी माणसं भेटली तरी पाच मिनिटांत पाहुणे निघतात). शेवटी लासुर्ण्याच्या रविराजचा अर्ज निवडला आणि पोरात काही खोट लपलेली नाही ना, हे बघायला मी आणि आमच्या संचालक द्वारकाबाई तिकडे गेलो.

चौकशी कशी करतात, हे आम्हाला एकाच कामापुरतं ठाऊक. मी नवी टोपी घातली, द्वारकाबाई ठेवणीतलं लुगडं नेसल्या. पारावर, गिरणीत, शेजारीपाजारी विचारलं: मुलगा पितो का, भावकीत वाद आहे का, रागीट आहे का, सोयरे कुठले. सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं आणि मी ते खरं मानून लिहून घेतलं. त्याच्या आत्याने, बनाबाईने, पोहे दिले, आणि मला मुली किती, थोरली किती शिकली, उंचीला कशी, हेही विचारलं. (बाई माणुसकीची, असं मी वहीत लिहिलं.)

गुरुवारी नेमणुकीचं पत्र टाईप होऊन आलं आणि त्याच दुपारी लासुर्ण्याची अकरा माणसं नारळ घेऊन आमच्या ओट्यावर. मी खुलासा करेपर्यंत आमची थोरली स्वरूपा चहा देऊनही आली होती. जावई केला तर पोराची नोकरी जाते आणि नोकरी दिली तर सोयरीक मोडते, ठराव माझाच. मी ते सांगितलं, तर बनाबाई शांतपणे म्हणाली, "पाव्हणं, पोरगं तुमचंच हाय. मशिनीम्होरं बसवा न्हायतर बोहल्यावर उभं करा."

आत जाऊन स्वरूपाला विचारलं. ती म्हणाली, "आबा, एवढी चौकशी झालेला नवरा परत मिळायचा न्हाय." तीन स्थळांनी नाकारलेली माझी पोर त्या दिवशी पहिल्यांदा हसली, दाजी. सुपारी फुटली. लग्न माघात धरलंय.

ठराव मात्र मी मोडणार नाही. नियम करणाऱ्यानेच तो पाळला नाही, तर गावाने का पाळावा?

तुमचा,
संभाजी

ता. क. रविराजची नेमणूकही कायम आहे. नियम एवढाच, की टेस्टरच्या सोयऱ्याने संस्थेत दूध घालू नये. तेव्हा माझ्या चारही म्हशी काटेवाडीला तुमच्या गोठ्यात ठेवून घ्याव्यात. त्या आज सकाळीच निघाल्या आहेत. पत्राआधी पोचल्या, तर हे पत्र खुलासा समजून वाचावं.

आणखी ता. क. दूध तुमच्या गल्लीतल्या डेअरीतच घाला. तिथं फॅट काढायला तुमचा पुतण्या बसतो, म्हणून मी निर्धास्त आहे.