बेल्जियमचे बॅरन, टेबल चार

२ ऑक्टोबर, सोमवार
ही वही जानेवारीत घेतली. लिहायला आज बसतोय. हा आळस नव्हे. अनुभव साठवत होतो. अलास्कात मासे साफ केले, ऑरेगनमध्ये नाशपाती तोडल्या, चुकीच्या बसमध्ये झोप लागल्यामुळे आयडाहोही बघून झालं. लिहायचं तर आधी जगायला हवं. ते आता पुरेसं झालंय. सध्या मुक्काम शिकागो, थोरल्या बहिणीचा सोफा.

मार्नी एका नव्या भारी रेस्टॉरंटची मुख्य शेफ झालीये. एका जेवणात खूप पदार्थ, प्रत्येक घासभर. पुढच्या सोमवारी उघडणार. सकाळी म्हणाली, शुक्रवारी रंगीत तालीम आहे. ओळखीपाळखीचे लोक फुकट जेवतात, आमची माणसं हात साफ करून घेतात. तू ये, माणसासारखा बस, खा. डेल्फीनला तुझं वागणं पटलं, तर ती तुला बशा नेण्याच्या कामावर घेईल. नाहीतर रविवारी सोफा रिकामा.
मी म्हटलं, ताई, अजिबात काळजी करू नकोस. ती म्हणाली, तू असं म्हणालास की मगच मला काळजी वाटायला लागते.

संकल्प: ऑक्टोबरात बशा, नोव्हेंबरात वाइन, नाताळला मॅनेजर. डेल्फीन सध्या मॅनेजर आहे. तिचं काय करायचं ते डिसेंबरात बघू.

३ ऑक्टोबर
तालमीची पद्धत कळली. प्रत्येक पाहुण्याला आधी एक चिठ्ठी मिळते. त्याने जेवताना काय त्रास द्यायचा, ते तिच्यावर लिहिलेलं असतं. कोणी उशिरा यायचं, कोणी वाइन सांडायची, कोणी मासा परत पाठवायचा. वाढपी मंडळींना काही सांगत नाहीत. त्यांची परीक्षा असते.

माझी चिठ्ठी: ‘टेबल चार. एकटे. अडचण नाही.’

डेल्फीनला फोन करून विचारलं, काही चूक झालीये का? म्हणाली, नाही रे राजा, एखादं शांत टेबल लागतंच, तुझ्या बहिणीने मुद्दाम तुझं नाव सुचवलं.
मुद्दाम! म्हणजे सगळ्यांत अवघड भूमिका माझी. वाइन काय, कोणीही सांडेल. पण हा माणूस एकटा का? त्याला अडचण कशी नाही? दुपारभर विचार केला तेव्हा उलगडलं. तो प्रचंड श्रीमंत आहे. आणि बेल्जियमचा.

४ ऑक्टोबर
नाव ठरलं: बॅरन ओडिलॉन. बायको बोटीवरून पडली (समुद्र शांत होता, संशय कायम). एका पायाने लंगडतो.
जुन्या सामानाच्या दुकानात काठी आणायला गेलो. तिथे छोट्या गिटारसारखी युकुलेली होती. युकुलेली आणली. संध्याकाळपर्यंत एक सूर जवळजवळ बसला. काठी उद्या.

ड्युलूथहून आईचा फोन. तिचं गळाला लावायच्या किड्यांचं दुकान आहे. म्हणाली, दुकानात माणूस नाही, ये की. मी म्हटलं, आई, मी एका भूमिकेची तयारी करतोय. तिने विचारलं, म्हणजे काम मिळालं नाही ना? आईला यातलं काही कळत नाही. सोंग म्हणून तिला वठवता येत नाही. मार्नीच्या वाढदिवसाला आम्ही गुपचूप पार्टी ठेवली होती, तर आईने तिला दारातच सांगितलं, लवकर आत ये गं, सगळे सोफ्यामागे वाकून बसलेत, बेनकाकांची कंबर धरलीये.

५ ऑक्टोबर
काठी राहिली. लंगडण्याचा सराव केला. मध्येच पाय बदलतो, तेवढं सुधारायचंय.
मार्नीने बघितलं. विचारलं, पायाला काय झालं? म्हटलं, युद्ध. ती सोफ्याच्या हातावर बसली आणि म्हणाली, हे बघ, उद्या मालक येणार आहेत, हॅल्वर्सन. मी दहा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली घासली, तेव्हा कुठे हे किचन मिळालंय. तू फक्त खा. हात जोडते.
बिचारी फार ताणात आहे. माझी मदत तिला नंतर कळेल.

६ ऑक्टोबर, संध्याकाळी ५
निघतोय. बॅरनला शोभेल असा कोट नव्हता. मार्नीचा आंघोळीनंतरचा मरून झगा घेतला. वरून पट्टा बांधला की एकदम घराणेदार दिसतो. संकल्प: कमीत कमी बोलायचं.

७ ऑक्टोबर, शनिवार
काल लिहायला सवड नव्हती. एकूण प्रयोग अत्यंत यशस्वी. तपशिलात थोडे मतभेद आहेत.

सुरुवात शांत. चमच्यात मावेल एवढं बीट. मग काचेच्या घुमटाखाली धूर आणि धुरात अंडं. मग एक दगड, त्यावर एक पान. पान खायचं असतं, दगड नाही. हे आधी सांगायला हवं होतं.

मग लंगडत बाथरूमला गेलो. परत येतो तर माझा जेवणाचा रुमाल नवी घडी घालून ठेवलेला! कोणी घातली, दिसलं नाही. परत गेलो. परत घडी. मग नुसता दारापर्यंत जाऊन गर्रकन वळलो. घडी! यात मासा येऊन निवला. वाढपी म्हणाला, सर, शेफनी नवा पाठवलाय, आपण आता बसाल का?

आता नवा मासा समोर, हेझलनटच्या सॉसमधला. बॅरन असा एकट्याने थोडाच खाईल? शेजारच्या टेबलावर एक गुबगुबीत गृहस्थ बायकोबरोबर बसले होते. म्हटलं, यांना आमच्याकडून भेट. वाढपी म्हणाला, सर, असं करत नाहीत. मी बेल्जियन ढंगात म्हटलं, ब्रुसेल्समध्ये करतात. आणि बशी स्वतः नेऊन ठेवली. गृहस्थ हसले, बायकोच्या कानात म्हणाले, याची चिठ्ठी भारी आहे गं. आणि तालमीचा मान राखून त्यांनी एक घास खाल्ला.

पुढचं काय सांगू! आधी कान लाल. मग ओठ सुजले. मग गळा धरून खुर्चीतच वाकले. असा अभिनय मी आयुष्यात पाहिला नव्हता! त्यांच्या चिठ्ठीवर ॲलर्जी आहे, हे मी तत्काळ ओळखलं आणि उभा राहून टाळ्या वाजवल्या. वाढपी धावला, त्याला अडवलं. म्हटलं, थांब, जरा रंगात येऊ दे. त्यांची बायको किंचाळत होती. तिला हळूच सुचवलं, बाई, थोडं कमी करा, खोटं वाटतंय. तेवढ्यात डेल्फीनने मला ढकलून गृहस्थांच्या मांडीत इंजेक्शनची सुई खुपसली. पाठोपाठ खरी ॲम्ब्युलन्स! एका तालमीवर एवढा खर्च! स्ट्रेचरवाल्यांशी हात मिळवून विचारलं, तुम्ही कुठल्या नाटक कंपनीचे?

मग मार्नी किचनमधून बाहेर आली. तिने माझ्याकडे पाहिलं. नंतर झग्याकडे.

ते गृहस्थ हॅल्वर्सन होते. चिठ्ठीवर ‘लग्नाचा वाढदिवस’ होतं. ॲलर्जी त्यांची स्वतःची, हेझलनटची; त्यांच्या माशाला किचनने वेगळा सॉस दिला होता.

आता बरे आहेत. सकाळी हॉस्पिटलमधून त्यांचाच मार्नीला फोन आला: डेल्फीनने डोकं शांत ठेवलं, किचन एक क्षण अडलं नाही, मार्नी, सोमवारी उघडायचं. फक्त तो झगेवाला त्या रस्त्यावर दिसता कामा नये. म्हणजे परीक्षेत सगळे पास, आणि ती घेतली कोणी? मीच. हे मार्नीला समजावून सांगितलं.
ती म्हणाली, उद्या रविवार. आवाज न चढवता म्हणाली. मी लगेच ओळखलं, हिच्याकडेही चिठ्ठी आहे. ‘रागावलेली बहीण.’ म्हटलं, ताई, सुंदर करतेस. तिने माझे बूट जिन्यात नेऊन ठेवले. बारकावे बघा!

८ ऑक्टोबर, रविवार, सकाळ
मार्नी अजून भूमिकेतच. दात घासून आलो तर सोफ्यावर माझं पांघरूण घडी घालून ठेवलेलं. कडेला कड जुळवलेली. शेजारी पिशवी, तिच्यात युकुलेली खोचलेली. दुपारी हसून अ‍ॅप्रन हातात ठेवेल. तोवर झगा घालून बसतो.

दुपार
बेल वाजली. डेल्फीनच, म्हणून लंगडत दार उघडलं.

आई. पहाटेच निघून ट्रक घेऊन आलीये, खाली इंजिनसुद्धा बंद केलं नाही. दारातच म्हणाली, मार्नीने बोलावलं, ती आतल्या खोलीत रडत असेल, तिकडे जाऊ नकोस. मागे किड्यांच्या डब्यांशेजारी तुझ्या पिशवीपुरती जागा केलीये. उद्यापासून दुकानात बसायचं. आणि तो झगा काढ, तिचा आहे.

मी तिच्या चेहऱ्यावर कुठे चिठ्ठी दिसते का, ते शोधलं. आईला सोंग कधीच वठवता आलेलं नाही.